नवमी मोडणारा पाना

परवाच्या पेपरात मधुकरशेठच्या लाल गाडीचा फोटो आला. हैदराबादेत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं तिला बक्षीस मिळालं. फोटोखाली नावं होती. रंग देणारा नागपूरचा कारागीर, गाद्या शिवणारा हैदराबादचा कारागीर, चाकांच्या तारा जिथून मागवल्या त्या दुकानाचा मालक, आणि फेटा बांधून उभे असलेले खुद्द शेठ. गाडीला नुसता हात टेकवून उभ्या राहिलेल्या कुण्या पाहुण्याचंही नाव होतं. मी तो पेपर काउंटरवर पसरून तीनदा वाचला आणि मग त्यात गिऱ्हाइकाला ग्रीस लावलेलं बेअरिंग बांधून दिलं. त्या पेपरची लायकी तेवढीच होती.

गणपतकाकांचं नाव कुठेच नव्हतं. काका आता नाहीत, त्यांना काय फरक पडतो, असं मला घरचे म्हणाले. मला पडतो ना!

आदिलाबादेत माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. समोरच्या निंबाखाली काकांचं टिनाचं वर्कशॉप होतं. काका फक्त ब्रेकचं काम करायचे. इंजिनाला हात लावत नसत. "ते पळवायचं काम हाय, ते कोणीबी करते," म्हणायचे. अंगाने आडवे, मान आखूड, भुवया दाट, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यावा. त्यांचा राग सकाळी त्यांच्या आधी उठायचा. चहात साखर जास्त पडली तरी राग, कमी पडली तरी राग. कोणी हॉर्न वाजवत आला की हे दारात उभे राहून ओरडत, "हॉर्न काऊन मारतं बे? ब्रेक नाई का?" आणि स्वतःविषयी त्यांचं मत फार उत्तम होतं. वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे माझ्यासारखा ब्रेकवाला नाही, हे ते कोणी विचारलं नसताना सांगत. खरं सांगायचं तर शेजारी म्हणून माणूस त्रासदायक होता.

कुठल्याही गाडीत बसण्याआधी ते ड्रायव्हरला विचारायचे, "ब्रेक कधी पाह्यले?" लग्नाला गेले तर मांडवात शिरण्याआधी वाकून नवरदेवाच्या जीपखाली बघत. वरपक्षाला वाटायचं म्हाताऱ्याचं काही हरवलं. एकदा ते खरोखरच जीपखाली शिरले आणि वाजंत्री थांबवून त्यांनी नवरदेवाच्या मामाला झापलं. पुढे लोक त्यांना लग्नाची पत्रिका देताना सांगायचे, काका, जेवायला या, गाडी पाहू नका.

उटनूरच्या बाजाराची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. आम्ही टॅक्सीजीपने चाललो होतो, माणसांच्या अंगावर माणसं बसलेली. घाटाच्या आधीच्या वळणावर काका कान देऊन बसले. मग ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "थांबव. मागल्या चाकाची नळी गेली." ड्रायव्हर म्हणाला, "काई नाई झालं काका, आवाज रोजचाच हाय." काकांनी हात लांब करून किल्लीच फिरवली. सगळ्यांना उतरवलं, भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, दोन बाळंतिणी, सगळं खाली. आम्ही घाट पायी उतरलो. रिकामी जीप आमच्या आधी हळूहळू खाली पोचली आणि ड्रायव्हर बोनेटवर बसून बिडी ओढत आमची वाट पाहत होता. लोकांनी काकांना काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. काका म्हणाले, "भरलेली असती तं पोचली असती का?"  सगळे हसले.

त्या घाटातच मला समजायला हवं होतं की या माणसाच्या नशिबात काय आहे. एखाद्याने बुडणाऱ्याला बाहेर काढलं तर गाव त्याचा सत्कार करतं. एखाद्याने पाण्यात उतरूच दिलं नाही, तर गाव म्हणतं, उगाच आडवा आला.

काकांची काम करायची रीत त्यांचीच. ब्रेकचं तेल प्रत्येक चाकापर्यंत नेणारी लोखंडी नळी असते, करंगळीपेक्षाही बारीक. ती गाडीच्या पोटाला धरून वळणं घेत जाते. काका आधी साध्या तारेचा नमुना वाकवायचे, तो गाडीखाली लावून पाहायचे, मग त्याबरहुकूम नळी वाकवायचे. वळण चेपलं तर नळी बाद. बाजारात नळी वाकवायचं यंत्र मिळतं, मीच विकतो. काकांनी कधी घेतलं नाही. ते सुमनकाकूंच्या स्वयंपाकघरातून लाटणं, मुसळ आणि पाट्यावरचा वरवंटा उचलून आणायचे. लहान वळण लाटण्यावर, त्याहून मोठं मुसळावर, सगळ्यात मोठं वरवंट्यावर. मग काकू पदर खोचून गल्ली ओलांडून यायच्या.

"ठेच्याले ब्रेकच्या तेलाचा वास येऊन राह्यला! माणसं मारता का?"

"माणसं वाचवून राह्यलो," काका नळीवरून नजर न काढता म्हणायचे.

"मंग जेवा आता त्या नळ्याच!"

आणि वरवंटा काखेत मारून काकू परत जायच्या. हे आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच.

असा हा भांडखोर माणूस वर्षातून एका दिवशी मात्र गप्प असायचा. खंडेनवमीला. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडलेली असत. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आणि दसऱ्याची पूजा होऊन, संध्याकाळी जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घरी येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हा नियम सगळेच सांगतात, पाळणारे काकाच. एका साहेबाची जीप नवमीलाच दारात बंद पडली, तेव्हा काका हात जोडून म्हणाले, "साहेब, आज देवीआई बसली हाय त्यायच्यावर. माह्या बापासाठीबी मी पाना उचलणार नाई." साहेब चिडले, बैलगाडीने जीप ओढून न्यावी लागली. काका जागचे हलले नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

मधुकरशेठची कापसाची जिनिंग आमच्या भागातली जुनी. त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली विलायती गाडी, दोन माणसांची, उघड्या टपाची, जिनिंगच्या कोठारात सरकीच्या पोत्यांखाली वर्षानुवर्षं पडून होती. शेठच्या मनात आलं की ती पुन्हा उभी करायची आणि दसऱ्याला तीत बसून सोनं लुटायला जम्मीच्या मैदानावर जायचं. जिनिंगच्या फाटकापासून मैदानापर्यंत रस्ता उतरता आहे आणि दसऱ्याच्या संध्याकाळी त्या उताराच्या तळाशी सगळं गाव असतं, बाया, लेकरं, म्हातारी माणसं.

रंग झाला, गाद्या झाल्या, इंजिनही फुरफुरायला लागलं. ब्रेकचं काम अर्थातच काकांकडे आलं. काकांनी गाडी ठोकळ्यांवर चढवली, खाली शिरले, आणि तिथूनच ओरडायला लागले. सरकीच्या कचऱ्याने ओल धरली होती आणि नळ्या जिथं जिथं पट्टीने बांधल्या होत्या तिथं तिथं गंजून पापुद्रे सुटले होते. शेठ म्हणाले, "जेवढ्या गळतात तेवढ्या बदला." काका म्हणाले, "आज गळत नाई ती उद्या गळते. साऱ्याच बदलाव्या लागतीन." जुन्या नळ्या सगळ्या काढल्या, तारेचे नमुने केले, आणि योग्य जाडीची नळी मला मागवायला सांगितली. मी मागवली. ती आज येते, उद्या येते करत अडकली. दसरा जवळ आला.

शेठला धीर निघाला नाही. त्यांनी गावातल्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं आणि फ्रिजला लावतात तसल्या तांब्याच्या नळ्या एका दुपारात बसवून घेतल्या. वर कोणाच्या तरी डोक्यातून निघालं म्हणून त्या चिंच लावून घासल्या, देवघरातले तांबे घासतात तशा. शेठ पाहुण्यांना वाकवून वाकवून दाखवत होते, बघा कशा लखलखतात! ब्रेकची नळी! लखलखते! ज्या माणसाला हे सुचलं त्याला मी आजही नमस्कार करत नाही.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. नवमीला शेठनी गाडीची पूजा ठेवली आणि रीतीप्रमाणे सगळ्या कारागिरांना बोलावलं. मीही होतो. गाडीपुढे मोठी रांगोळी, बोनेटवर झेंडूचा हार. काका धुतलेलं धोतर आणि पांढरा सदरा घालून आले. नारळ फुटला, काका गाडीला नमस्कार करायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"हे कोणं केलं?"

शेठ हसत म्हणाले, "काका, तुमचा माल येत नव्हता. काम होऊन गेलं. आता उद्या चला तुमीबी मागून, मिरवणुकीत."

"पायडल दाबा," काका म्हणाले. कोणीतरी दाबलं. काकांनी जोडावर बोट फिरवलं आणि ते ओलं बोट शेठपुढे धरलं. "नळीचा काठ दुमडला नाई. नुसता फुलवला. जोरात दाबलं का फाटते हे."

"त्यानं अर्ध्या गावाचे फ्रिज केले, काका. एकबी फुटला नाई."

"फ्रिज उतारावरून येत नाई, शेठ."

लोक हसले. शेठना ते हसणं झोंबलं. माणूस वाईट नाही, पण चारचौघांत बोललेलं त्यांना सहन होत नाही. म्हणाले, "आजचा दिवस चांगला हाय काका, अपशकुन करू नका. गाडी उद्या निघणार." आणि पेढ्यांचं ताट फिरायला लागलं. काकांनी पेढा घेतला नाही.

त्यांच्या मागोमाग मी त्यांच्या घरी गेलो. ते सरळ पाटाकडे गेले. काकू आडव्या आल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता, त्या घाबरल्या होत्या. "आई उठली नाई अजून. तिच्या अंगावरून काढता का?"

काका पाटापुढे उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. म्हणाले, "उद्या साऱ्या बाया-लेकरं त्या उताराखाली राहतीन, सुमन. तूबी राहशीन. आई तठीच राहीन, अठी काय करते ती बसून?" आणि झेंडूच्या फुलाखालचा पाना त्यांनी उचलला. कुंकवाचं बोट पान्यावर तसंच होतं.

जिनिंगमध्ये सगळे जेवायला बसले होते. काका गाडीखाली शिरले आणि एकेक करत साऱ्या तांब्याच्या नळ्या सोडवून घेतल्या. घाई होती, वय होतं. ब्रेकचं तेल रांगोळीवर सांडलं आणि पुढच्या चाकावरच्या नव्या रंगावरही उडालं. ते तेल रंगाला खातं. थोड्याच वेळात तिथला रंग फोड आल्यासारखा उठला आणि सोलला. नळ्यांचं वेटोळं हातात घेऊन काका फाटकातून बाहेर पडले तेव्हा शेठची माणसं धावत आली. त्यांनी काकांना सदऱ्याला धरून पोलीस ठाण्यात नेलं. नवमीच्या दिवशी, पूजेच्या कपड्यांत.

ठाण्यातल्या साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी हिंदीत विचारलं, "चोरी किया क्या?"

"किया साब," काका म्हणाले. "लिखो. और ये भी लिखो की क्यों किया."

ते 'क्यों' कोणी लिहिलं नाही. शेठनी रात्र पडायच्या आत तक्रार मागे घेतली, त्यांच्याच नावाची चर्चा नको म्हणून. दसऱ्याला गाडी निघाली नाही. मैदानात सोनं लुटलं गेलं, लेकरं फुगे घेऊन घरी गेली, काहीही झालं नाही.

आणि हेच काकांच्या अंगाशी आलं. काहीही झालं नाही! गाव म्हणायला लागलं, पाहा, उगाच चांगल्या गाडीचा नास केला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. नवमी मोडली, आता देवी सोडणार नाही. अरे, ज्या उतारावरून गाडी आलीच नाही तिथं काय होणार होतं? ज्याने ती येऊ दिली नाही त्यालाच तुम्ही विचारता, दाखव कुठे काय झालं? मी काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाशी भांडलो. लोक ऐकून घ्यायचे, सामान घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, तुमचे शेजारी आहेत ना, तुम्ही तसंच बोलणार.

जिनिंगचे ट्रॅक्टर आणि ट्रक काकांकडे यायचे बंद झाले. शेठची मर्जी राखणारे आणखी कितीतरी बंद झाले. काका निंबाखाली रिकामे बसायला लागले. माल शेवटी आला, तेव्हा त्यांनी त्या लाल गाडीच्या नमुन्यावरून सगळ्या नळ्या वाकवल्या, दोन्ही टोकांचे काठ दुमडले, आणि भिंतीवर टांगून ठेवल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. मी विचारलं, काका, कशाला? म्हणाले, "गाडीची चूक काय हाय?"

तो पाना मात्र त्यांनी बाकीच्या हत्यारांत पुन्हा ठेवला नाही. खिशात ठेवायचे. त्याने नवमी मोडली, तो आता पूजेत बसत नाही, म्हणाले. यावर मी वाद घालायला गेलो तर माझ्याच अंगावर आले.

पुढच्या श्रावणात शेठच्या पत्नी, निर्मलावहिनी, वर्कशॉपवर आल्या. याआधी त्या कधी या गल्लीत आल्या नव्हत्या. ऑइलच्या डब्यावर बसल्या आणि भिंतीवरच्या नळ्यांकडे बघत म्हणाल्या, "मागच्या दसऱ्याले मी उताराखालीच उभी होते काका. नात कडेवर होती. वर्षभर मले तेच दिसून राह्यलं. गाडी उद्या पाठवतो. हे बोलणार नाईत. तुमीबी बोलू नका."

काका म्हणाले, "मले कोठी हौस हाय बोलायची?" हे काका म्हणाले, हे विशेष.

गाडी आली, पाठोपाठ शेठ आले आणि तोंड फिरवून उभे राहिले. नळ्या बसल्या. प्रत्येक वळण जागच्या जागी बसलं. पण नळ्यांत तेल भरल्यावर आतली हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात, एक पायडल दाबणारा, एक चाकाशी. मी पुढे झालो तर काकांनी मला हाताने मागे सारलं. "ज्याची गाडी, त्याचा पाय." शेठ लाल होऊन मुकाट्याने गाडीत बसले.

"दाबा," काका चाकाशी बसून म्हणाले. "धरा." मग थोड्या वेळाने, "सोडा."

दाबा. धरा. सोडा. चारही चाकं होईपर्यंत वर्षभराचे अबोल दोघे एवढंच बोलत होते. एकजण हुकूम देत होता, दुसरा ऐकत होता. शेठनी एकदा लवकर सोडलं, तेव्हा काकांनी सगळं चाक पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी दुकानात येऊन एकटाच हसत बसलो.

दसऱ्याला गाडी निघाली. सोललेला रंग पुन्हा लावलेला, शेठ फेट्यात, शेजारी वहिनी. उतारावरून गाडी खाली यायला लागली तसा ढोल वाढला. मैदानाच्या तोंडाशी गर्दी दुभंगली, आणि नेमकी एक म्हातारी खाली पडलेली जम्मीची डहाळी उचलायला गाडीच्या वाटेत वाकली. तिला ऐकू येत नसावं. लोक ओरडले. गाडी थांबली. चाकं सरकली नाहीत, गाडी आडवी झाली नाही, जिथं थांबायची तिथं थांबली. म्हातारीने डहाळी उचलली, गाडीकडे पाहिलं, आणि बाजूला झाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वा शेठ! काय हात आहे! काय गाडी आहे! शेठनी हात जोडले, फेटा सावरला. मी गर्दीतून ओरडत होतो, अरे, त्या माणसाला वाजवा टाळ्या, तो बघा तिकडे! ढोलात माझा आवाज माझ्याच कानापर्यंत आला नाही.

काका गर्दी ढकलत पुढे आले आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी रस्त्यावर उताणे झोपून गाडीखाली सरकले. एकेका जोडावर बोट फिरवलं. बाहेर आले, बोट पाहिलं. कोरडं होतं. मग शेठच्या हातावर जम्मीची पानं ठेवली, शेठ वाकून पाया पडायला लागले, तर काकांनी त्यांचा खांदा धरून वर केलं.

"पाय काऊन उशिरा दाबला?" ते ओरडले. "म्हातारी दिसत नव्हती का? ब्रेक माहे, डोळे तं तुमचेच हाय ना!"

 वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

काका त्या हिवाळ्यात गेले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते त्या संध्याकाळचेच आहेत. गर्दी गाडीमागे मैदानात शिरली होती. काका एकटे जम्मीच्या झाडाकडे गेले, त्यांच्या पाठीवर सगळ्या रस्त्याची धूळ होती. झाडाखाली थांबून त्यांनी खिशातून तो पाना काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. एक पान तोडून त्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी कपाळाला लावला, आणि घरी येऊन पूजेच्या पाटावर, बाकीच्या हत्यारांत, त्याच्या जुन्या जागी ठेवून दिला.